मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह सापडत नाही: आमच्याकडून कापली गेली की मुळातच नाही?

डिसेक्शन_टेबल_तीन:

नमस्कार. मी वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या आमचं हाताचं डिसेक्शन चालू आहे. ॲक्सिला म्हणजे काख झाली, आता दंडाचा पुढचा भाग उघडलाय आणि तिथे आमचं टेबल अडकलंय: दंडाच्या पुढच्या स्नायूंना जाणारी मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह सापडत नाही.

उजवा हात आहे. पेक्टोरॅलिस मायनर उलटवून घेतला, व्हेन काढली, त्यामुळे आर्टरीभोवतीच्या तिन्ही कॉर्ड (ब्रेकिअल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नर्व्हच्या जाळ्यातल्या जाड जुड्या) मोकळ्या दिसतात. लॅटरल कॉर्डमधून लॅटरल पेक्टोरल नर्व्ह निघालेली सापडली. त्यापुढे कॉर्डचे दोन भाग व्हायला हवेत, एक मस्क्युलोक्युटेनियस आणि दुसरा मीडियन नर्व्हचा लॅटरल रूट (बाहेरचं मूळ). आमच्याकडे ती फुटतच नाही. अख्खी कॉर्ड आर्टरीच्या पुढून तिरकी येते, मीडियल रूटला मिळते आणि मीडियन नर्व्ह तयार होते. शेजारच्या टेबलावरच्या मीडियनपेक्षा ही चांगलीच जाड आहे. ही नर्व्ह ज्या स्नायूला भेदून जाते त्या कोराकोब्रेकिॲलिसची आतली कड आम्ही वरपासून खालपर्यंत साफ केली, पण स्नायूत शिरणारी नर्व्ह दिसली नाही. दंडाच्या साधारण मध्यावर मात्र मीडियनमधून बाहेरच्या बाजूला एक फांदी निघते आणि बायसेप्सच्या खाली जाते. पुस्तकात तर मीडियन दंडात एकाही स्नायूला फांदी देत नाही असं स्पष्ट लिहिलंय.

टेबलावर दोन मतं आहेत. एक म्हणतो, फॅट काढताना नर्व्ह कापली गेली असणार. दुसरी म्हणते, ही व्हेरिएशन आहे, सरळ «ॲबसेंट» लिहून टाकू. आता हे ठरवायचं कसं? आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, याच हातावर बोट ठेवून विचारलं तर काय सांगायचं?

शरीररचना_शिकवते:

प्रश्न छान मांडलाय. बघितलं ते आणि त्यावरून काढलेला अर्थ, दोन्ही वेगळे ठेवलेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं जातं. मी शरीररचनाशास्त्र शिकवते. डिसेक्शन हॉलमध्ये मुलं सगळ्यात जास्त घाबरतात ती याच नर्व्हच्या बाबतीत. ती दिसली नाही की सगळे आधी स्वतःच्या फोर्सेप्सकडे बघतात.

«ॲबसेंट» लिहायची घाई नको. आधी कापली गेली नाही ना, ते तपासा. कापलेली नर्व्ह टोक सोडून जाते. एम्बाम केलेल्या (रसायनांनी टिकवलेल्या) देहात ते टोक ओळखू येतं, कारण बाहेरचं आवरण थोडं मागे सरकतं आणि आतले फॅसिकल (तंतूंच्या बारीक जुड्या) धाग्यांसारखे फिसकटलेले दिसतात. लॅटरल कॉर्डच्या बाहेरच्या कडेवरून, म्हणजे स्नायूच्या बाजूने, बोट फिरवा. कड सलग, गुळगुळीत लागली आणि कुठे खाच किंवा तुटका कोंब हाताला आला नाही, तर वरच्या टोकाला काही कापलं गेलेलं नाही. त्यात तुम्ही म्हणता मीडियन जाड आहे. ही महत्त्वाची खूण आहे. जे तंतू वेगळे निघायला हवे होते ते तिच्याबरोबर चाललेत, म्हणून ती जाड झाली असणार.

आता खालून वर या. मुलं नेहमी वरूनच शोधत राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. कोपरापाशी बायसेप्सच्या टेंडनच्या बाहेरच्या कडेला जा. तिथे डीप फॅसियातून (स्नायूंवरच्या आवरणातून) लॅटरल क्युटेनियस नर्व्ह ऑफ फोरआर्म वर येते आणि सेफॅलिक व्हेनच्या मागून पुढे जाते. मस्क्युलोक्युटेनियस असो वा नसो, अग्रबाहूच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेला संवेदना कुठून तरी पोचवायलाच हवी, त्यामुळे ही फांदी तिथे सापडेल. ती फोर्सेप्समध्ये हलकेच धरा, बायसेप्स उचला, आणि बायसेप्स व त्याच्या खालच्या ब्रेकिॲलिस स्नायूच्या मधल्या फटीतून तिच्या मागोमाग वर चढत जा. सुरी बाजूला ठेवा, कात्रीचं बोथट टोक पुरतं.

ती तुम्हाला तीनपैकी एका जागी नेईल. वर जाऊन मध्येच मोकळी संपली, तर नर्व्ह होती आणि कापली गेली. दुसरं म्हणजे एका सलग नर्व्हला जाऊन मिळेल, जिच्यातून बायसेप्स आणि ब्रेकिॲलिस या दोघांच्याही फांद्या निघतात आणि जी स्वतः मीडियनमधून निघालेली आहे. अशा वेळी मस्क्युलोक्युटेनियस आहे, फक्त काही अंतर मीडियनबरोबर चालून मग वेगळी झाली आहे. तिसरी शक्यता अशी की बायसेप्सची फांदी मीडियनमधून वेगळी निघते, ब्रेकिॲलिसची तिच्या खाली वेगळी निघते, आणि त्वचेची नर्व्ह या खालच्या फांदीचाच पुढचा भाग असते. असं निघालं तर मस्क्युलोक्युटेनियस नावाचं स्वतंत्र खोड त्या हातात नाही. ल मिनॉर यांनी 1990 मध्ये मीडियन आणि मस्क्युलोक्युटेनियस यांच्या संबंधांचे पाच प्रकार केले. वरची दुसरी शक्यता म्हणजे त्यातला चौथा प्रकार, तिसरी म्हणजे पाचवा. तुमच्या वर्णनावरून या दोघांपैकी काहीतरी आहे, पण कोणता ते इथे बसून मी सांगू शकत नाही. ती एक फांदी पुढे कुठे जाते ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

आणखी एक काम. कोराकोब्रेकिॲलिसला नर्व्ह कोण देतंय? हे नव्वद टक्के मुलं तपासतच नाहीत, असं मला नेहमी वाटतं. स्नायूच्या वरच्या टोकाला, बायसेप्सचं शॉर्ट हेड जिथे त्याला चिकटलेलं असतं तिथे, लॅटरल कॉर्डमधून थेट आलेला अगदी बारीक तंतू असू शकतो. तो सहज तुटतो. तंतूंच्या दिशेनेच फॅट सारा, आडवी ओढू नका.

बाकी नंतर लिहीन. आधी हे पाहून या.

परीक्षेपुरतं:

तीन वर्षं पुढे आहे, म्हणून सांगतो. एवढा वेळ घालवू नकोस. परीक्षेत नॉर्मलच विचारतात. डाव्या हातात नर्व्ह जागेवर असेल तर त्यावर शिक आणि पुढे जा. व्हेरिएशन पाठ करत बसलं तर प्लेक्ससच संपणार नाही.

शरीररचना_शिकवते:

डावा हात बघा, हे बरोबर आहे. बऱ्याच व्हेरिएशन एकाच बाजूला असतात, त्यामुळे तुलनेला दुसरा हात हाताशी असणं चांगलंच. पण हा हात सोडून पुढे जा, हे मला पटत नाही.

व्हेरिएशन पाठ करायच्या नसतातच. त्या कुठून येतात ते एकदा समजलं की पाठ करायला फार काही उरत नाही. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या शेवटी हाताची कळी फुटते आणि पाचव्या आठवड्यात C5 ते T1 चे (मानेच्या पाचव्या ते छातीच्या पहिल्या स्पायनल नर्व्हचे) तंतू तिच्यात शिरायला लागतात. पुढच्या बाजूच्या, म्हणजे वाकवणाऱ्या स्नायूंकडे जाणारे तंतू सुरुवातीला एकत्रच असतात. त्यांतून मीडियन, अल्नर (करंगळीच्या बाजूला जाणारी), मस्क्युलोक्युटेनियस अशा वाटा नंतर वेगळ्या होतात. प्रत्येक तंतूच्या टोकाला ग्रोथ कोन असतो. आसपासच्या पेशी नेट्रिन, सेमाफोरिन, एफ्रिन अशी रेणूंची चिन्हं सोडतात, त्यांतली काही त्याला ओढतात आणि काही दूर ढकलतात. या खुणा जरा पुढेमागे झाल्या की तंतू शेजारच्या जुडीतून जातात. तरी पोचतात आपल्याच स्नायूत. बायसेप्सला C5, C6 हवेत आणि तुमच्या या हातातही C5, C6 च मिळत असणार, फक्त मीडियनच्या आवरणातून.

एवढी एक गोष्ट धरून ठेवली तर प्लेक्सस लवकर संपतो. नर्व्हचं नाव हे जुडीला दिलेलं असतं. स्नायूला कळतात ते तंतू. जुडी बदलली तर नाव गडबडतं, काम गडबडत नाही. आणि पुस्तकातली आकृती म्हणजे सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी मांडणी. अब्राम केर यांनी 1918 मध्ये 175 ब्रेकिअल प्लेक्ससचा अभ्यास छापला. त्यातल्या निम्म्याहून जास्त प्लेक्ससमध्ये C4 चाही धागा येऊन मिळालेला होता. म्हणजे «C5 ते T1» ही आपली पहिली ओळसुद्धा बऱ्याच देहांत तंतोतंत बसत नाही.

भूलशास्त्र_ड्युटी:

मॅडमच्या मुद्द्याला माझ्या कामातून जोड देतो. मी हाताच्या शस्त्रक्रियांसाठी ॲक्सिलरी ब्लॉक देतो, म्हणजे काखेत नर्व्हभोवती औषध देऊन हात बधिर करतो. नेहमीच्या हातात मस्क्युलोक्युटेनियस वरच आवरणाबाहेर पडून कोराकोब्रेकिॲलिसमध्ये गेलेली असते. आर्टरीभोवती कितीही औषध टाकलं तरी ती सुटते आणि अग्रबाहूची बाहेरची बाजू जागी राहते. म्हणून ती सोनोग्राफीवर स्नायूत वेगळी शोधून तिच्याभोवती वेगळं औषध द्यावं लागतं. तुमच्यासारखा हात समोर आला तर प्रोब कितीही सरकवला तरी स्नायूत काही दिसत नाही, आणि स्टिम्युलेटर लावून मीडियनला करंट दिला की बोटांबरोबर कोपरही वाकतं. ते दिसलं की समजायचं, दोघी एकत्र आहेत आणि मीडियनभोवतीचं औषध दोघींना पुरेल. हे माहीत नसेल तर माणूस नसलेल्या नर्व्हच्या मागे सुई फिरवत बसतो.

खांद्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांना याची दुसरी बाजू माहीत असते. कोराकॉइडपासून (खांद्याच्या हाडाच्या पुढे आलेल्या टोकापासून) साधारण पाच-सहा सेंटिमीटर खाली मस्क्युलोक्युटेनियस स्नायूत शिरते असं सांगतात, पण ती सरासरी आहे. काही हातांत तिच्या फांद्या त्याहून बऱ्याच वर स्नायूत घुसतात, आणि कोराकॉइड हलवायची शस्त्रक्रिया असेल तर त्या ताणल्या जातात.

नर्व्ह_कंडक्शन_लॅब:

मी दिवसभर नर्व्ह कंडक्शन करते, म्हणजे नर्व्हमधून संकेत कसा जातो ते तपासते, त्यामुळे कोपराच्या खालची गोष्ट सांगते. तिथली सर्वांत ओळखीची व्हेरिएशन म्हणजे मार्टिन-ग्रुबर. स्वीडनच्या मार्टिन यांनी 1763 मध्ये आणि ग्रुबर यांनी 1870 मध्ये तिचं वर्णन केलं. अग्रबाहूत मीडियनमधून, बऱ्याचदा तिच्या अँटिरिअर इंटरॉसियस फांदीतून, काही मोटर तंतू अल्नरकडे जातात आणि हातातल्या लहान स्नायूंना पोचतात. साधारण दर पाच हातांत एका हातात ती सापडते, म्हणजे आमच्या लॅबमध्ये ही रोजची गोष्ट.

टेबलावर काय होतं ते सांगते. करंगळीच्या बाजूच्या ॲबडक्टर डिजिटी मिनिमायवर इलेक्ट्रोड लावला. अल्नरला मनगटापाशी उत्तेजना दिली, छान उंच लाट आली. कोपराच्या खाली दिली, तर लाट एकदम बुटकी. नवीन शिकणारा लगेच लिहितो, अग्रबाहूत कंडक्शन ब्लॉक, म्हणजे संकेत वाटेत अडतोय. पेशंटला तक्रार दुसरीच असते. अशा वेळी इलेक्ट्रोड तिथेच ठेवायचा आणि मीडियनला कोपरापाशी उत्तेजना द्यायची. अल्नरच्या स्नायूतून लाट आली, आणि मीडियनला मनगटापाशी उत्तेजना दिल्यावर ती आली नाही, तर हरवलेले तंतू सापडले. ते कोपरापाशी मीडियनमध्ये होते आणि मनगटाला अल्नरमध्ये. जोड फार वर असेल तर कोपरातच ब्लॉक असल्यासारखं चित्र दिसतं, आणि मग कोपराची शस्त्रक्रिया विनाकारण सुचवली जाऊ शकते. म्हणून लाट पडली की आधी मीडियन तपासायची, हा माझा नियम.

कार्पल टनेल (मनगटाच्या बोगद्यात मीडियन दाबली जाणं) आणि मार्टिन-ग्रुबर एकाच हातात असले की आणखी गंमतशीर आलेख येतो. मीडियनचे तंतू टनेलमध्ये रेंगाळतात, पण अल्नरमधून गेलेले टनेल टाळून आधी पोचतात. त्यामुळे कोपरापाशी उत्तेजना दिल्यावर लाटेची सुरुवात खालच्या दिशेने होते आणि हिशोब केला तर अग्रबाहूतला वेग अशक्य जास्त निघतो. असा वेग दिसला तर मशीनला दोष देऊ नका, हात नीट बघा.

उलट्या दिशेची जोडही असते, अल्नरकडून मीडियनकडे, तिला मारिनाची म्हणतात. ती क्वचित.

हाताचा_सर्जन:

तळहातापुरतं थोडक्यात लिहितो.

कार्पल टनेल उघडताना सगळ्यांत जपायची फांदी म्हणजे मीडियनची रिकरंट मोटर. बहुतेक हातांत ती टनेलवरच्या लिगामेंटच्या बोटांकडच्या कडेला वळसा घालून अंगठ्याच्या स्नायूंत जाते. काही हातांत ती लिगामेंटच्या खालीच, टनेलच्या आत सुटते. आणि काहींत चक्क लिगामेंटला भोक पाडून वर येते. हे तीन प्रकार पॉइझेल यांनी 1974 मध्ये मांडले आणि लांझ यांनी 1977 मध्ये त्यांत भर घातली. दुभंगलेली मीडियन आणि तिच्या मधून जाणारी मीडियन आर्टरी यांचाही विचार त्यांनी केला. तिसऱ्या प्रकाराच्या हातात लिगामेंट न बघता कापलं तर अंगठा कायमचा दुबळा होऊ शकतो. म्हणून आम्ही लिगामेंट अल्नरच्या बाजूने आणि प्रत्येक थर डोळ्यांसमोर ठेवून उघडतो.

दुसरी बेरेत्तिनी. तळहातात त्वचेच्या जवळच अल्नर आणि मीडियनच्या बोटांकडे जाणाऱ्या फांद्या जोडणारा संवेदनेचा धागा. निम्म्याहून जास्त हातांत असतो, त्यामुळे व्हेरिएशन कशाला म्हणायचं हाच प्रश्न पडतो. हे नाव पिएत्रो बेरेत्तिनी या चित्रकारावरून आलं. त्यांनी सतराव्या शतकात काढलेल्या शरीररचनेच्या चित्रांत ही जोड दिसते, आणि ती चित्रं 1741 मध्ये छापली गेली. शस्त्रक्रियेत हा धागा तुटला तर मधलं बोट आणि अनामिका यांच्या जवळपास बधिरपणा येतो आणि पेशंट म्हणतो, ऑपरेशनच्या आधी तर हे नव्हतं.

खोल तळहातात रिश-कान्यू, दोघांनी 1897 मध्ये स्वतंत्रपणे वर्णन केलेली. तिथे अल्नरची खोल फांदी आणि मीडियनची मोटर फांदी जोडलेल्या असतात. मनगटाला मीडियन पूर्ण तुटलेली असूनही अंगठा तळहातापासून वर उचलला जातो तो हिच्यामुळे. इमर्जन्सीमध्ये फक्त अंगठा हलवून बघून «मीडियन शाबूत» लिहू नका. तर्जनीच्या टोकाची संवेदना तपासा.

डिसेक्शन_टेबल_तीन:

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, सांगितलंत तसं खालून वर गेलो.

सेफॅलिक व्हेनच्या मागे त्वचेची नर्व्ह मिळाली. तिला धरून वर गेलो तर ती ब्रेकिॲलिसच्या पुढच्या पृष्ठावर एका जाडसर फांदीला जोडलेली होती. त्या फांदीतून ब्रेकिॲलिसमध्ये दोन बारीक तंतू जातात. ही फांदी मीडियनमधून निघते, आधी सांगितलेल्या बायसेप्सच्या फांदीच्या बरंच खाली. बायसेप्सची फांदी पूर्ण वेगळी आहे, दोन्ही हेडमध्ये शिरते आणि तिथेच संपते. लॅटरल कॉर्डची कड सलग लागली, कुठेही कोंब नाही. कोराकोब्रेकिॲलिसचा बारीक तंतूही सापडला, लॅटरल कॉर्डमधूनच येतो, पेक्टोरल नर्व्हच्या थोडा खाली. सुदैवाने तो फॅटमध्येच होता.

डाव्या हातात नर्व्ह पुस्तकासारखी स्नायूला भेदून जाते.

म्हणजे पाचवा प्रकार? आणि एक शंका. या माणसाची मीडियन काखेत तुटली असती तर कोपर अजिबात वाकलं नसतं का?

शरीररचना_शिकवते:

हो, आता पाचवा प्रकार म्हणा. तपासून म्हणताय, त्यामुळे कुणी विचारलं तर कारणंही देता येतील. तो बारीक तंतू तुम्ही वाचवलात याचा मला फार आनंद झाला.

शंका योग्य आहे. मीडियन काखेत तुटली असती तर बायसेप्स गेला असता, ब्रेकिॲलिसचा मोठा भाग गेला असता, अग्रबाहूच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर झाली असती, आणि त्यावर मीडियनचं नेहमीचं नुकसान वेगळं. तपासणाऱ्याला वाटलं असतं की दोन नर्व्ह तुटल्यात, किंवा लॅटरल कॉर्डच गेली. तरी कोपर थोडं वाकलं असतं, कारण ब्रेकिओरेडिॲलिस हा स्नायू रेडिअल नर्व्हवर चालतो आणि ब्रेकिॲलिसच्या बाहेरच्या भागालाही रेडिअलची फांदी मिळते. ती फांदी तुमच्या हातात आहे का बघा. ब्रेकिॲलिस आणि ब्रेकिओरेडिॲलिसच्या मधल्या खाचेत रेडिअल सापडेल, तिथून आत वळणारा तंतू शोधा.

याच्या उलटही होतं. ल मिनॉर यांच्या दुसऱ्या प्रकारात मीडियनचे काही तंतू आधी मस्क्युलोक्युटेनियसमधून जातात आणि दंडाच्या मध्याजवळ मीडियनला परत मिळतात. त्या हातात कोराकॉइडजवळ मस्क्युलोक्युटेनियसला इजा झाली तर अग्रबाहूतले किंवा अंगठ्याचे स्नायूही दुबळे पडू शकतात, आणि मीडियन तर शाबूत दिसते. अशा पेशंटला पुस्तकातल्या आकृतीवर बसवायला गेलं की निदान चुकतं.

व्हायवाला याच हातावर विचारलं तर आधी नेहमीची रचना एका वाक्यात सांगा: लॅटरल कॉर्ड, C5 ते C7, कोराकोब्रेकिॲलिसला भेदून जाते, पुढच्या तिन्ही स्नायूंना फांद्या देते, लॅटरल क्युटेनियस म्हणून संपते. मग म्हणा, या हातात ती स्वतंत्र नाही, आणि फोर्सेप्सने एकेक फांदी दाखवा, कोराकोब्रेकिॲलिसच्या तंतूपासून सुरू करून. परीक्षक फांदी विचारायच्या आत तुम्ही दाखवली तर पुढचे प्रश्न फार सोपे जातात.

नोंदही करा. कोराकॉइडच्या टोकापासून प्रत्येक फांदी किती अंतरावर निघते ते मोजा, आणि दंडाची पूर्ण लांबीही, म्हणजे दुसऱ्या हाताशी तुलना जमेल. फांद्यांखालून रंगीत दोरे घाला, पट्टी शेजारी ठेवा, विभागाची परवानगी घेऊन फोटो काढा, चेहरा किंवा ओळख पटेल असं काहीही फ्रेममध्ये येऊ देऊ नका. बाजू आणि लिंग लिहा. नोंद झाली की ओल्या कापसाने दंड झाकून ठेवा. फांद्या वाळल्या की बायसेप्स उचलताना तुटतात, आणि पुढच्या बॅचलाही हा हात बघायचा आहे.